शिराझ गच्चीवर का गेली

१

शिराझ घदीरा गच्चीवरून पडून मेली, ती ऑगस्टमधल्या एका मंगळवारी, दुपारच्या बांगेच्या थोडं आधी.

जागा म्हणजे क्राम गावाच्या किनाऱ्यालगतचा डॉक्टर हातेम झुआरी यांचा दवाखाना. पांढरी दुमजली कोठी, निळ्या जाळ्या, मागे फरसबंदी अंगण. मी पोहोचलो तेव्हा कुणीतरी तिच्यावर टेबलावरची चादर टाकलेली होती आणि शेजारची बाई भिंतीपलीकडून तिसऱ्यांदा तेच सांगत होती: धप्पकन आवाज आला, म्हणून तिने डोकावून पाहिलं.

डॉक्टर हातेम चाळिशीच्या आतलेच. शर्टाची इस्त्री मोडलेली नव्हती, पण ओठ पांढरे पडले होते.

"इन्स्पेक्टरसाहेब, इथे येणारे लोक वेडे नाहीत," ते म्हणाले. "व्यक्तिमत्त्वाचा विकार असलेले आहेत. नोकऱ्या करतात, संसार करतात. फक्त माणसांशी जुळवून घेताना सोलवटून निघतात. शिराझला एकाच गोष्टीची भीती होती. कुणी सोडून जाईल याची. आज सकाळीच मी सगळ्यांना सांगितलं, की मी फ्रान्सला निघालोय. लियोंच्या हॉस्पिटलात जागा मिळाली."

"मग?"

"मधल्या सुट्टीत ती बाहेर गेली ती परतली नाही. याआधी दोनदा तिने जीव द्यायचा प्रयत्न केलेला आहे."

मी गच्चीवर जाऊन आलो. जिन्याच्या टोकाचं दार नुसतं लोटलेलं. कठड्यापाशी तिच्या चपला, एकाशेजारी एक, नीट काढून ठेवलेल्या. कठड्यावर वाटीत थोडं पाणी, कबुतरांसाठी असेल. कोपऱ्यातला पावसाच्या पाण्याचा नळ वरच्या पकडीतून निखळून बाहेर वाकलेला. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने इथलं लोखंड असंही टिकत नाही. तिच्या खिशातल्या फोनची काच फुटली होती, पण तो चालू होता. शेवटचे फोन दवाखान्याला आणि आईला.

खाली, रुग्णांना एकत्र बसवतात त्या खोलीत मी सगळ्यांची नावं लिहून घेतली. खोली हमामसारखी तापलेली. रस्त्याकडची खिडकी उघडी होती, अंगणाकडची घट्ट बंद. घाम पुसत मी मनात म्हटलं, रोज मरे त्याला कोण रडे.

आत्महत्या. त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. फक्त एक कागद राहिला होता: अशा प्रकरणात सरकारी वकिलांना एका ज्येष्ठ मनोविकारतज्ज्ञाचं मत लागतं. त्यांनी डॉक्टर मोंजिया लखुआ यांना बोलावलं. सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त. हातात सूर्यफुलाच्या बियांची पुडी. एक एक बी दातांनी फोडत त्यांनी माझी सगळी टिपणं वाचली, फोटो पाहिले, आणि पेन माझ्याकडे परत सरकवलं.

"सी लम्जद," नावाआधी इकडचं 'साहेब' लावून त्या म्हणाल्या, "ह्या मुलीने जीव दिलेला नाही."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. मोंजियाबाई आधी गच्चीवर जातील असं मला वाटलं होतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या. बेसिनमध्ये फ्रीजचा बर्फाचा साचा पडला होता, रिकामा.

"वाटीत काय होतं म्हणालात?"

"पाणी. कबुतरांना."

"कबुतरांची बरीच काळजी तुम्हाला." त्यांनी साचा उचलून मला दाखवला. "आमच्या धंद्यात एक साधी युक्ती शिकवतात. मनात मरणाचा विचार उसळला, हात कापून घ्यावासा वाटला, की मुठीत बर्फ धरायचा. घट्ट. इतकं झोंबतं की मन तिकडे धावतं. लाट ओसरेपर्यंत धरून ठेवायचा. शिराझला हे हातेमनेच शिकवलं असणार. ती स्वयंपाकघरात आली, बर्फ काढला, वाटीत घेतला, वर मोकळ्या हवेत गेली. मरायला निघालेलं माणूस हा उद्योग कशाला करेल? हा तर जगायला धडपडणाऱ्याचा उद्योग."

"विचार बदलला असेल वर गेल्यावर. लाट मोठी असेल."

"असेल," त्या म्हणाल्या. त्यांना वाद घालायची सवय नव्हती; समोरच्याचं म्हणणं त्या आधी खिशात टाकत. "तिच्या अंगावरच्या कपड्यांचे फोटो पाहिलेत ना? झग्याला चुना कुठे लागलाय?"

मी आठवून पाहिलं. "पुढे. पोटावर, गुडघ्यांवर."

"उडी मारणारा भिंतीला पाठ देतो. पोट भिंतीला घासतं ते उतरणाऱ्याचं. अनवाणी पायांनी, नळाला धरून. चपला घालून नळावरून उतरता येत नाही, म्हणून काढून ठेवल्या. नळ निखळला."

"पण जिना असताना नळावरून कोण उतरतं?"

मोंजियाबाई बाहेरच्या खोलीतल्या टेबलाकडे गेल्या. तिथे दवाखान्याचा जुना टेलिफोन होता. ऑगस्ट असल्यामुळे फोन घेणारी बाई रजेवर होती.

"ती शेवटचे फोन कुणाला करत होती?"

"आईला. आणि दवाखान्याला. निरोप घ्यायला, असं मी..."

"हाच नंबर?"

मी टिपणात पाहिलं. हाच होता.

"जे माणूस घराच्या छपरावर उभं आहे, ते त्याच घरात फोन करून कुणाचा निरोप घेतं, सी लम्जद?"

३

शिराझची आई, झकिया, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत राहायची. दारात खुर्च्या मांडलेल्या होत्या. मयताच्या घरी असतात तशा, पण सगळ्या रिकाम्या.

"कोणी आलं नाही," ती म्हणाली. "जिने स्वतःचाच जीव घेतला तिच्या दाराशी बसायला लोकांना भीती वाटते. इमामसाहेब आले, नमाज पढले, अल्ला त्यांचं भलं करो. गल्लीतले पुरुष मात्र नेमके त्याच वेळी कामाला."

तिने आमच्यापुढे कॉफी ठेवली. डोळे कोरडे होते. बोलताना ती मुलीचं नाव घेत नव्हती, 'तुमची ती' म्हणायची.

"वसंतापासून जरा बरी होती तुमची ती. आधी घरात बशी राहू द्यायची नाही. आता राग आला की फ्रीजकडे पळायची. अख्खा वरचा कप्पा बर्फाने भरलेला. मी म्हणायचे, बाई गं, मासे ठेवू कुठे? तर म्हणायची, आई, मासे मेलेले आहेत, मला जगायचंय. अशी जीभ होती."

मोंजियाबाई कप हातात धरून ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी तिचा फोन आला होता."

झकियाने शाल सारखी केली. इकडे बायका अंगावर पांढरी शाल घेतात; तिचं टोक तिने दातांत धरलं, सोडलं.

"आला होता. मी उचलला नाही. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं: ती दवाखान्यात असताना फोन उचलायचा नाही. उचललात की तिचं शिकणं मोडतं, तिला स्वतःच्या पायावर उभं राहू द्या. मी गॅसवर कालवण ढवळत होते. फोन वाजत होता नि मी स्वतःला शाबासकी देत होते, की बघ झकिया, आज तू जमवलंस." ती थांबली. "निरोप घ्यायचा होता तिला. बरं झालं नाही उचलला. टाकून जाणाऱ्याचा निरोप कशाला घ्यायचा?"

मला उठायची घाई झाली होती. मोंजियाबाईंनी आणखी एकच प्रश्न विचारला. "तिला कशाची भीती वाटायची? माणसं सोडून जायची, ते मला ठाऊक आहे. त्याखेरीज?"

"बंद दाराची," आई म्हणाली. "लहानपणी तिचा बाप तिला कोळशाच्या खोलीत कोंडायचा. तेव्हापासून तुमची ती न्हाणीघराची कडीसुद्धा लावायची नाही. दार बंद झालं की तिला कळत नसे आपण कुठे आहोत, किती वर्षांच्या आहोत. भिंत फोडून बाहेर पडेल."

गल्लीतून चालताना मोंजियाबाईंनी बियांची पुडी काढली आणि तशीच पर्समध्ये ठेवून दिली.

"गच्चीच्या दाराला कडी आहे, नाही का?" त्या म्हणाल्या. "जिन्याच्या बाजूने?"

४

त्या मंगळवारी शिराझखेरीज दोनच रुग्ण आले होते. त्यातले एक फाखर जझिरी. एके काळी मोठ्या कंपनीत साहेब होते. दोन बायका सोडून गेल्या, मुलगा बोलत नाही, आणि त्यांच्या मते हे तिघेही मूर्ख होते.

मी पोलिसी खाक्याने सुरुवात केली. "तुम्ही काय पाहिलंत?"

"तुमच्या हुद्द्याच्या माणसाशी मी बोलत नाही," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. दहा प्रश्नांवर तेच.

मोंजियाबाईंनी खुर्ची ओढली. "सी फाखर, त्या खोलीत सगळ्यांत जास्त बारकाईने पाहणारे तुम्हीच होतात. मला दुसऱ्या कुणाच्या सांगण्याचा भरवसा नाही."

मला ही निव्वळ खुशामत वाटली. नंतर मी त्यांना तसं म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "खुशामत खोटी असते. मी खरं तेच बोलले. असल्या माणसाचा ताठा हा त्याच्या जखमेवरचा खपला. तो उचकटायचा नाही. त्याच्याशी आदराने बोललं की आतला माणूस आपणहून दार उघडतो."

आणि फाखर बोलले.

"सुट्टी संपली. एम्ना, आमच्यातली तिसरी, आत आली आणि डॉक्टरांच्या शेजारी, शिराझच्या खुर्चीत बसली. मी मनात म्हटलं, आज या सशाला शिंगं फुटली. ती कायम दाराजवळच्या स्टुलावर बसते. मग बाहेरचा टेलिफोन वाजायला लागला. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. डॉक्टरांचा नियम आहे, बैठक चालू असताना फोन घ्यायचा नाही."

"मग?"

"मग ओरडणं सुरू झालं. वरून." त्यांनी कफाची बटणं चाचपली. "डॉक्टर उठले आणि त्यांनी अंगणाकडची खिडकी लावून घेतली. म्हणाले, शिराझ आपली परीक्षा बघतेय. धावून गेलो तर तिला कळेल की ओरडलं की माणसं येतात. दमली की खाली येईल. आपण आपलं काम चालू ठेवू."

"आणि तुम्ही सगळ्यांनी ते चालू ठेवलं."

"माझा सल्ला कुणी विचारला नव्हता, बाई."

"नव्हता," मोंजियाबाई म्हणाल्या. "ती काय ओरडत होती, सी फाखर? शब्द ऐकू आले?"

फाखर जझिरींचा चेहरा हळूहळू म्हातारा होत गेला. खिडकी आता त्यांना पुरेना, त्यांनी जमिनीकडे पाहिलं.

"'दार उघडा.' तेवढंच. पुन्हा पुन्हा. मी डॉक्टरांना म्हणालोही, ती दार उघडा म्हणतेय. तर म्हणाले, बरोबर, तिचं दुःखच ते आहे. मी जातोय म्हणजे तिच्यासाठी दार बंद होतंय. ती प्रतीकात बोलतेय. आपण पुढच्या मंगळवारी यावर सविस्तर बोलू."

रस्त्यावर कुणीतरी कलिंगडं विकत होतं.

"आणि एक," फाखर म्हणाले. "गच्चीच्या दाराच्या कडीला गंज आहे. कावळ्यासारखी किंचाळते. त्या दिवशी ती दोनदा किंचाळली. एकदा सुट्टीत. आणि एकदा, शेजारीण ओरडल्यावर आम्ही अंगणात धावलो तेव्हा, वरून."

५

"आता एम्नाला विचारू, कडी तू लावलीस का," मी म्हणालो.

"तसं विचारलंत तर ती हो म्हणेल," मोंजियाबाई म्हणाल्या. "कडी लावली नसेल तरी हो म्हणेल. समोरचा नाराज होऊ नये म्हणून ती खुनाची कबुलीसुद्धा देईल. तिचा विकारच तो आहे. तिच्या तोंडात शब्द घालायचा नाही, सी लम्जद. तुम्ही कृपा करून गप्प बसा."

एम्ना तिशीची होती. बहिणीच्या घरी राहायची, बहिणीनेच निवडलेला झगा घातला होता. आत येताच तिने विचारलं, "कुठे बसू?"

"तुला हवं तिथे."

ती बराच वेळ उभीच राहिली. शेवटी भिंतीलगतच्या खुर्चीच्या टोकावर टेकली.

"काय सांगू? तुम्ही म्हणाल ते सांगते."

"मी काहीच म्हणत नाही," मोंजियाबाई म्हणाल्या. "मंगळवारी कुठे बसली होतीस ते सांग."

"स्टुलावर."

"आधी?"

"आधी स्टुलावर. सुट्टीनंतर... खुर्चीत."

"कुणाच्या?"

"शिराझच्या."

मोंजियाबाई थांबल्या. असं थांबणं मी पोलिसात कधी पाहिलं नाही. तिला बोलतं करायला त्या काहीच करत नव्हत्या. नुसत्या तिच्याबरोबर बसल्या होत्या. मला वाटलं, या दोघी आता रमजानपर्यंत अशाच बसणार.

"दुसऱ्याच्या खुर्चीत आपण केव्हा बसतो, एम्ना?"

"तो येणार नसला की," एम्ना म्हणाली. आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं आणि तिचे हात मांडीवर उलटे पडले.

पुढचं तिने कुणी न विचारता सांगितलं. दोन वर्षं ती त्या खोलीत येत होती. दर वेळी शिराझ रडायची, शिराझ भांडायची, शिराझ खुर्ची लाथाडायची, आणि अख्खी बैठक शिराझची व्हायची. एम्ना स्टुलावरून मान डोलवायची. डॉक्टर जाणार, आता मोजक्याच बैठका उरल्या, हे कळलं तेव्हा तिला वाटलं, निदान एक तरी आपली असावी. सुट्टीत ती जिन्याने वर गेली. गच्चीचं दार उघडं होतं. शिराझ पाठमोरी, समुद्राकडे तोंड करून, हातात बर्फ. दार कायम बंद ठेवायचं असा डॉक्टरांचाच हुकूम होता.

"मी हुकूम पाळला," एम्ना म्हणाली. "मनाला तेच सांगितलं. कडी लावली. वाटलं, जरा वेळ. ती ओरडेल, डॉक्टर जाऊन उघडतील, मला रागावतील. ती ओरडली. डॉक्टर गेले नाहीत. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, हं, एम्ना, आज तू बोल. दोन वर्षांत पहिल्यांदा. आणि मी बोलले. ती वर ओरडत होती आणि मी बोलत होते. छान बोलले मी. मग ती थांबली."

माझं पेन केव्हाच थांबलं होतं.

"मी मारलं का तिला?" तिने विचारलं.

"कडी तू लावलीस," मोंजियाबाई म्हणाल्या. "ती हाक मारत असताना तुम्ही सगळे बसून राहिलात. हे दोन्ही खरं आहे, आणि त्यातलं काहीच मी तुझ्यावरून उचलून घेऊ शकत नाही. पण तू हवं तर माझ्याकडे येत जा. ते उचलायला दोघी असू."

"तुम्ही तरी सोडून जाणार नाही ना?"

"मी म्हातारी आहे, एम्ना. जाणारच आहे. पण सांगून जाईन."

ती गेल्यावर मी म्हणालो, "झालं तर मग. सुटलं."

"अजून नाही," त्या म्हणाल्या. "कडी दोनदा वाजली. आणि तुम्हाला दार लोटलेलं सापडलं."

६

डॉक्टर हातेमच्या खोलीत अर्ध्या पेट्या भरून झाल्या होत्या. भिंतीवरच्या प्रमाणपत्रांच्या जागी फिकट चौकोन उरले होते.

"बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात," ते उठून उभे राहिले. मला तेव्हा कळलं, की ते मोंजियाबाईंचे विद्यार्थी.

"बस, हातेम." त्या स्वतः उभ्याच राहिल्या. "मी बोलते. चुकलं तर सांग. ती बर्फ घेऊन वर गेली, कारण तू शिकवलेलं ती नीट शिकली होती. तिच्यामागे कडी लागली. तिने आधी शहाण्या माणसासारखं केलं. दवाखान्याला फोन केला, म्हणजे खालून कुणीतरी येऊन उघडेल. फोन वाजत राहिला. आईला केला. आईला तू मनाई केली होतीस. मग ती ओरडली. साध्या भाषेत, जे हवं होतं तेच. दार उघडा. तू खिडकी लावून घेतलीस. शेजारणीने ऐकलं असेल, पण इथे रोजच कुणीतरी ओरडतं. मग तिची जुनी भीती तिच्यावर चालून आली आणि ती नळ धरून उतरायला लागली. इथवर बरोबर?"

हातेमनी मान डोलावली.

"शेजारीण ओरडली तेव्हा फाखर आणि एम्ना अंगणात धावले. तू वर धावलास, ती कुठून पडली ते बघायला. दार तुला बंद सापडलं. कडी तुझ्या बाजूने, आतून. त्या क्षणी तुला सगळं समजलं. ती काय म्हणत होती तेसुद्धा. कडी लागलेली राहिली असती, तर इन्स्पेक्टरांनी पहिला प्रश्न विचारला असता, की मुलीला बाहेर कोंडलं कुणी आणि ती ओरडत असताना तुम्ही काय करत होतात. दार उघडं असलं, की एका आजारी मुलीने जीव दिला. तू कडी काढलीस."

"एम्नाला वाचवायला," हातेम म्हणाले.

"कडी एम्नाने लावली हे तेव्हा तुला माहीत होतं?"

"नाही," ते म्हणाले.

ते खुर्चीत खचले. तरुण माणूस एकाएकी इतका लहान दिसू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. "बाई, हा पूर्ण किनारा मी एकटा सांभाळत होतो. बाकीचे सगळे गेले. पॅरिस, माँट्रियल, आखात. रात्रीबेरात्री हात कापल्याचे फोन. मी थकलो होतो. आणि तुम्हीच शिकवलं होतंत, की आरडाओरड्याला खतपाणी घालू नका. मी पाठ केलं होतं ते."

"मी शिकवलं होतं, की आधी जाऊन बघा, माणूस सुरक्षित आहे का. मग कशाकडे दुर्लक्ष करायचं ते ठरवा." त्या आता खुर्चीत बसल्या. "दुसरं वाक्य तुझ्या लक्षात राहिलं. पहिलं राहील असं मी शिकवायला हवं होतं."

"ती इतक्या वेळा ओरडली होती," हातेम म्हणाले. "प्रत्येक वेळी त्याचा अर्थ काहीतरी दुसराच असायचा."

"या वेळी दार उघडा म्हणजे दार उघडा, एवढाच होता," मोंजियाबाई म्हणाल्या.

मी त्यांचा जबाब लिहून घेतला. त्यांनी एकही शब्द खोडायला लावला नाही. पासपोर्ट जप्त झाला, लियोंची जागा गेली. हलगर्जी आणि पुरावा मोडल्याचा खटला उभा राहिला. एम्नाचं काय करायचं ते सरकारी वकिलांना ठरवता येईना. दवाखाना बंद झाला, आणि तिथल्या रुग्णांना दुसरीकडे पाठवावं तर दुसरीकडे कुणी नव्हतंच. फाखर जझिरी काही दिवस बंद दारासमोर येऊन उभे राहायचे. मग तेही दिसेनासे झाले.

७

आईला आपणच सांगायचं असा मोंजियाबाईंचा हट्ट होता. वाटेत त्या म्हणाल्या, "या सगळ्यात एवढी एकच गोष्ट चांगली हातात आहे. पोरीने आत्महत्या केली नाही. ती जगायलाच खाली उतरत होती. आईला एवढं तरी नेऊन देऊ."

मलाही तसंच वाटत होतं. मी बरोबर बदामाच्या मिठाईचा पुडा घेतला होता. आता आठवलं की लाज वाटते.

झकियाने सगळं ऐकून घेतलं. बर्फ, कडी, टेलिफोन, नळ. मध्ये एकदाही थांबवलं नाही. मोंजियाबाईंनी काही वगळलं नाही, काही गोडही केलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "ती तुम्हाला सोडून गेली नव्हती, झकिया. तुमच्याकडेच यायला निघाली होती."

झकिया उठली, फ्रीज उघडला. वरच्या कप्प्यात अजून बर्फ होता. तिने दार लावलं आणि परत येऊन बसली.

"शिराझ," ती म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नाव घेतलं.

"लल्ला मोंजिया, तुम्ही खरं बोललात. खरं बोलणाऱ्याला शाप देऊ नये, म्हणून देत नाही. पण ऐका. इतके दिवस मला वाटत होतं, पोरगी मला टाकून गेली. मी सकाळी उठायचे आणि आधी तिला शिव्या द्यायचे. मोठ्याने. गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकल्यात. मग गॅस पेटवायचे, भांडी घासायचे. त्या रागावर माझा दिवस निघायचा. तेवढंच ठेवून गेली होती ती माझ्यासाठी."

तिने शाल डोक्यावरून पुढे ओढली, आणि शालीच्या आतून विचारलं, "आता उद्या सकाळी उठून मी कुणावर चिडू?"

मोंजियाबाई काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहिली. उभं आयुष्य त्यांनी माणसांच्या अशाच प्रश्नांसमोर काढलेलं होतं. त्यांनी फक्त हात पुढे केला. झकियाने तो धरला नाही, झिडकारलाही नाही. दारातल्या रिकाम्या खुर्च्यांवर ऊन सरकत गेलं आणि आम्ही तिघं बसून राहिलो, कारण उठून जायचं धैर्य आम्हा दोघांपैकी कुणालाच होईना.